देवांचे स्थलांतर आणि दोन याद्या

देवस्थानच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली तेव्हा प्रथम मनात संकोच उत्पन्न झाला. प्रस्तुत लेखक इतिहाससंशोधक नव्हे. माझे आयुष्य सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेले. कागद वाचणे, त्यावरील तारीख व शिक्का पाहणे आणि एक यादी दुसऱ्या यादीशी ताडून पाहणे, एवढीच माझी विद्या. लिसेंवात शिकल्यामुळे पोर्तुगीज भाषा पदरी पडली होती आणि जुने अक्षर लावण्याची सवय नोकरीने लावली. त्या तुटपुंज्या शिदोरीवर हे लेखन करीत आहे. उणे असेल ते सुज्ञ महाजनांनी पुरे करून घ्यावे.

या लेखाचे निमित्त एका मुलाने पुरविले. जत्रेला मुंबईहून आलेल्या आमच्या भाच्याच्या मुलाने पालखी देवळाभोवती फिरत असताना मला विचारले, "आजोबा, आपले आडनाव एका गावाचे, घर दुसऱ्या गावात आणि देव तिसऱ्याच गावात, असे का?" मी त्याला तेथल्या तेथे उत्तर दिले, "फिरंग्यांनी देवळे मोडली म्हणून." उत्तर खोटे नव्हते, परंतु पुरेसेही नव्हते. घरी परतल्यावर तो प्रश्न माझ्याच मागे लागला. फिरंगी आले १५१० मध्ये. देव नदीपार गेले ते त्यानंतर तीस, पन्नास वर्षांनी. मधली वर्षे काय झाले? आणि ज्यांनी आरंभी देवळांना हात लावला नाही, त्यांनीच पुढे ती मुळासकट का उपटली?

लिसेंवातील इतिहासाच्या तासाला आम्ही सागरी सफरींच्या तारखा तोंडपाठ केल्या होत्या. १४१५ मध्ये पोर्तुगिजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सेउता जिंकले. १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियशने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातला. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा लिस्बनहून निघाला आणि १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोहोचला. या तारखा आजही मला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतील. परंतु त्या जहाजांबरोबर एक करारही येत होता, हे आम्हांला कोणी समजावून सांगितले नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून रोमच्या पोपांनी आज्ञापत्रे काढून पोर्तुगालच्या राजाला नव्याने सापडणाऱ्या प्रदेशांवर हक्क दिला आणि त्या प्रदेशांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्याची जबाबदारीही त्याच्यावर सोपविली. तेथील चर्चचा पालक राजाच. बिशप त्याने सुचवावा, पाद्र्यांचा खर्च त्याने सोसावा. या व्यवस्थेला 'पाद्रुआदु' म्हणत. १४९४ मध्ये तोर्देसिल्यास येथे स्पेन व पोर्तुगाल यांनी समुद्रावर एक रेघ ओढून न पाहिलेले जग आपसात वाटून घेतले, तेही याच समजुतीने. म्हणजे मिरी आणि क्रूस ही एकाच जहाजातून आली, ती योगायोगाने नव्हे. तो व्यवहारच तसा लिहिलेला होता.

तथापि कागदावर लिहिलेले सारेच एकदम अंमलात येत नसते, हे कारकुनाइतके कोणास ठाऊक असणार? आफोंसु द आल्बुकेर्कने १५१० च्या आरंभी गोवे शहर घेतले, मे महिन्यात आदिलशाही फौजांपुढे सोडले आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी पुन्हा जिंकले. त्या दुसऱ्या वेळी शहरातील मुसलमानांची भयंकर कत्तल झाली. हिंदूंना मात्र त्याने अभय दिले, कारण त्यांचे साहाय्य त्याला हवे होते. होनावरचा तिमय्या त्याच्या बाजूने होता, आणि कर वसूल करण्यास, तांदूळ मिळविण्यास व शहर चालविण्यास येथील माणसांवाचून तरणोपाय नव्हता. सतीची चाल त्याने बंद केली, एरवी तिसवाडीतील देवळांत पूर्वीप्रमाणे घंटा वाजत राहिल्या. १५२६ मध्ये आफोंसु मेशीय या अधिकाऱ्याने गावकारीचे जुने रीतिरिवाज लिहून काढले. त्यालाच 'फोराल' म्हणतात. गावची जमीन गावकारांच्या समूहाची, फाळा समूहाने भरावयाचा, गावकाराचा हक्क बापाकडून मुलाकडे जावयाचा, ही आपली व्यवस्था परक्या राजाने आपल्या शिक्क्यानिशी मान्य केली. पुढे जिला 'कोमुनिदाद' हे नाव पडले, तिचा हा पहिला मोठा लेखी आधार.

मग अवघ्या चौदा वर्षांत असे काय घडले की १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडली गेली?

याचे उत्तर केवळ गोव्यात शोधून सापडत नाही. ते युरोपात शोधावे लागते. मधल्या काळात तेथील धर्मजीवनच दुभंगले होते. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने रोमच्या धर्मसत्तेला आव्हान दिले आणि पाहता पाहता अर्धा युरोप पोपच्या हातून निसटला. जे राजे रोमशी एकनिष्ठ राहिले त्यांच्यात धर्माविषयी एक कडवेपण आले. १५३६ मध्ये पोर्तुगालात इन्क्विझिशन स्थापन झाले. १५४० मध्ये जेजुइट संघाला पोपची मान्यता मिळाली. १५४५ पासून त्रेंत येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १५६३ पर्यंत सिद्धान्त व शिस्त यांची चौकट घट्ट करून टाकली. १५५५ मध्ये जर्मनीत तह झाला, त्याचे सूत्रच असे होते की ज्याचे राज्य त्याचा धर्म. राजाचा धर्म एक आणि प्रजेचा दुसरा, ही गोष्ट त्या काळच्या युरोपियन मनाला राज्याच्या दुर्बलतेची खूण वाटे. पोर्तुगालच्या राजाने हा प्रयोग प्रथम आपल्याच प्रजेवर केला होता. १४९६-९७ मध्ये तेथील ज्यूंना देशत्याग किंवा बाप्तिस्मा असा पेच घालण्यात आला, आणि अखेर बहुतेकांना देश सोडू न देता सक्तीने बाटविण्यात आले. जे लिस्बनमध्ये शेजाऱ्यांच्या वाट्याला आले, तेच पुढे आमच्या पूर्वजांच्या वाट्याला आले. ही गोष्ट सांगण्यात कोणाचा दोष कमी करण्याचा हेतू नाही. परंतु दुःख आपलेच तेवढे खरे मानले की इतिहास कळत नाही.

आता तारखांचा क्रम पाहावा. १५३४ मध्ये गोवा बिशपचे पीठ झाले. १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे गेली. १५४१ मध्ये बेटावरील गावकारांना बोलावून घेण्यात आले, आणि मोडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या प्रार्थनामंदिरांना व ख्रिस्ती धर्मकार्याला देण्यास त्यांची लेखी संमती घेण्यात आली. ही संमती कोणत्या वातावरणात दिली गेली असेल हे सांगणे नलगे; पण कागदावर ती संमतीच आहे. १५४२ च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. १५४३ मध्ये साष्टी व बारदेश हे प्रांत आदिलशाहीकडून पोर्तुगिजांना मिळाले. १५५९ मध्ये पितृहीन हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याचा हुकूम निघाला, आणि आईच्या कुशीतले मूल सरकारी कागदाने हिरावले जाऊ लागले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. १५६७ मध्ये येथे पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि त्याच वर्षी राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रुद्रीगिश याने साष्टीतील देवळे पाडली व जाळली. जेजुइटांच्या वृत्तांतांत हा आकडा सुमारे २८० दिलेला आहे.

इन्क्विझिशनविषयी एक खुलासा आवश्यक आहे. त्याचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर चाले. म्हणजे जो बाटला तो सुटला असे नव्हते. उंबऱ्यात तुळस ठेवली, जुन्या देवाला गुपचूप नारळ पाठविला, लग्नात जुनी चाल पाळली, तर त्याचीच चौकशी होई. हिंदूंना जाच होई तो सणसमारंभांवरील बंदीने आणि कोणाला ख्रिस्ती होण्यापासून परावृत्त केल्याच्या आरोपाने. नदीपलीकडे गेलेल्यांनी घरदार गमावले हे खरे. पण अलीकडे राहिलेल्यांनी आपल्याच घरात पिढ्यान्पिढ्या भीती सोसली, हेही तितकेच खरे आहे.

या कालखंडात आपले देव हलले. कुठ्ठाळीचा श्रीमंगेश प्रियोळला आला व त्या स्थानाला मंगेशी नाव पडले. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्याला गेली. वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्याला, रायची श्रीकामाक्षी शिरोड्याला, मडगावचा श्रीदामोदर जांबावलीला आणि दिवाडी बेटावरचा श्रीसप्तकोटेश्वर नार्व्याला. श्रीदेवकीकृष्ण चोडण्याहून मयेमार्गे माशेलला पोहोचला. रात्रीच्या अंधारात, होडीतून, डोक्यावर घेऊन मूर्ती नेल्याच्या कथा प्रत्येक देवस्थानात सांगितल्या जातात. त्यांतील तपशील कागदात सापडत नाहीत, आणि सापडण्याची अपेक्षाही करू नये. पळून जाणारा माणूस नोंद करीत नाही.

हे देव गेले कोठे? जुवारी व मांडवी ओलांडून अंत्रुज, डिचोली, अष्टागर या भागांत. त्या वेळी अंत्रुजावर विजापूरच्या आदिलशहाची सत्ता होती. एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात आपल्या देवांना आसरा मिळाला, ही गोष्ट आपल्या व्याख्यानांत फारशी येत नाही. ती यावी असे मला वाटते. अंत्रुजच्या गावांनी, तेथील गावकारांनी आणि ग्रामदेवतांनी परक्या देवांना जागा दिली. पाहुणा म्हणून आलेला देव पुढे यजमानापेक्षा मोठा झाला, तरी मूळ ग्रामदेवतेचा मान आजही पहिला काढला जातो. तो मान म्हणजे त्या उपकाराची पावतीच होय.

सगळ्यांनी मुकाट्याने गाव सोडले असेही नाही. कुंकळ्ळीच्या गावकारांनी फाळा देण्याचे नाकारले, मोडलेली देवळे पुन्हा बांधली आणि सैन्याला तोंड दिले. १५ जुलै १५८३ रोजी तेथे पाच जेजुइट पाद्री मारले गेले. त्यांतला रुदोल्फ आक्वाव्हिवा नुकताच अकबर बादशहाच्या दरबारातून परतला होता. त्यानंतर गावच्या नायकांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. पाच पाद्र्यांना चर्चने हुतात्मे ठरविले; त्या नायकांची नावे मात्र शतकानुशतके केवळ गावच्या तोंडी राहिली. कुंकळ्ळीची श्रीशांतादुर्गा फातर्प्याला आहे. शिगम्यात ती छत्र्यांच्या मिरवणुकीने आपल्या जुन्या गावी येते, त्या वेळी बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात. त्या वांगडांत हिंदू आहेत तसेच ख्रिस्तीही आहेत. धर्म बदलला, गावकारी बदलली नाही.

अंत्रुजातील देव प्रथम साध्या घरांतच राहिले. मोठी देवालये उभी राहिली ती मराठी राज्याचा आधार मिळाल्यावर. नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ १६६८ मध्ये शिवछत्रपतींच्या आज्ञेने बांधले गेले. १६७५ मध्ये त्यांनी फोंड्याचा किल्ला घेतला. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फोंड्यावर चालून आला असता संभाजी महाराजांनी त्याला परतवून लावले. पुढे शाहू छत्रपतींच्या काळी नारोराम मंत्री यांच्या पुढाकाराने कवळ्याचे मंदिर १७३८ च्या सुमारास सिद्ध झाले. आपल्या या देवळांकडे नीट पाहावे. घुमट, कमानीच्या खिडक्या, दीपस्तंभांचे मजले, यांत फिरंगी व दख्खनी वळणे आपल्या परंपरेत मिसळलेली दिसतात. ज्या गवंड्यांचे हात चर्चेस बांधण्यात तयार झाले, तीच कला नदी ओलांडून देवांच्या सेवेला आली.

आणि मग इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. १७६३ मध्ये पोर्तुगिजांनी फोंडे घेतले. ज्यांच्यापासून देव पळाले, तेच दोनशे वर्षांनी देवांच्या दारात येऊन उभे राहिले. परंतु या वेळी देवळे मोडली नाहीत. येथील लोकांचा धर्म व रीतिरिवाज राखण्याचे वचन देण्यात आले. याचे कारण अंतःकरणातील पालटापेक्षा काळाच्या पालटात शोधावे. डचांनी १६४१ मध्ये मलाक्का, १६५८ पर्यंत सिलोन आणि १६६३ मध्ये कोची घेतली होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. लिस्बनमध्ये पोंबालच्या मार्किशने १७५९ मध्ये जेजुइटांना हद्दपार केले होते. राजसत्तेला आता प्रजेचा आत्मा नको होता, फाळा हवा होता. १७८८ पर्यंत पेडण्यासह नव्या काबिजादी पुऱ्या झाल्या. गोव्यातील इन्क्विझिशन १७७४ मध्ये बंद होऊन १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, तेव्हा कायद्यापुढे हिंदूही बरोबरीला आला आणि लिसेंवचे, कचेरीचे दार आमच्या वडीलधाऱ्यांना मोकळे झाले. मी हा लेख लिहू शकतो, तो त्या दाराने आत गेलो म्हणूनच.

आता माझ्या धंद्याची गोष्ट, म्हणजे याद्यांची.

पहिली यादी जप्तीची आहे. साष्टी-बारदेशातील देवळे पाडल्यावर त्यांच्या जमिनी सरकारजमा करण्यासाठी १५६७ च्या सुमारास गावोगावच्या देवस्थानी मालमत्तेची फोराले तयार झाली. कोणत्या गावात कोणता देव, त्याची कोणती शेते, कोणते माड, कोणत्या सेवेसाठी कोणाला कोणती नमशी लावून दिलेली, हे सारे लिहून काढले. पणजीच्या पुराभिलेखागारात असली पाने वाचताना प्रथम राग येतो. देवांची नावे पोर्तुगीज कानाने ऐकून लिहिल्यामुळे ओळखू येईनात अशी झालेली असतात. पण ती मोठ्याने वाचली की एकदम उमगतात, आणि अंगावर काटा येतो. लिहिणारा आपल्यासारखाच एक कारकून असेल. त्याला या देवांविषयी ममत्व असण्याचे कारण नव्हते. तरी त्याने भट लिहिला, वाजंत्री लिहिला, मडवळ लिहिला, सुतार-लोहार लिहिला, देवापुढे नाचणारी स्त्रीही लिहिली. कारण प्रत्येकाच्या नावे जमीन होती आणि जमीन सुटता कामा नये होती. पुसून टाकण्यासाठी केलेली ही यादीच आज त्या देवळांची सर्वांत भरवशाची साक्ष आहे.

दुसरी यादी आपली आहे. ३० ऑक्टोबर १८८६ रोजी पोर्तुगीज सरकारने महाजनीचे रेगुलामेंत केले, आणि १९३३ मध्ये त्याच्या जागी नवे आले. त्या नियमांनी महाजन कोण, समिती कशी निवडावी, हिशेब कसे ठेवावेत हे ठरले आणि महाजनांची यादी सिद्ध झाली. ज्या सत्तेने आपली देवळे मोडली, तिच्याच कायद्याने आपल्या महाजनकीला आजचे लेखी रूप दिले. ती यादी आपण प्राणापलीकडे जपतो, आणि ते योग्यच आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या गावाशी असलेले आपले नाते तिने टिकविले.

परंतु दोन्ही याद्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, तेव्हा मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो. शत्रूच्या यादीत देवळाचा सारा संसार आहे. आपल्या यादीत फक्त आपण आहो. मूर्ती होडीत घालून नेली असे आपण सांगतो, पण होडी कोणी वल्हवली? पखवाज, चौघडा, दिवटी नदीपार कोणी आणली? देवाबरोबर आलेल्या त्या कुटुंबांनीही गाव सोडले, शेत सोडले. त्यांचे वंशज आजही पहाटे आपल्या आधी देवळात येतात. यादीत त्यांचे नाव नाही. आपल्या घरच्या ज्या लेकीसुनांनी नैवेद्य आणि नेमधर्म सांभाळला, त्यांचेही नाही. आणि जे अलीकडच्या तीरावर राहिले, ज्यांचे पूर्वज व आपले पूर्वज एकाच गावकारीत मांडीला मांडी लावून बसत, त्यांचा उल्लेख तर आपण फक्त 'बाटलेले' या एका शब्दात करतो.

कायदा बदलावा असे मी म्हणत नाही. तो माझा अधिकार नव्हे. माझी विनंती साधी आहे. समितीने एक कोरी नोंदवही घ्यावी. देवस्थानशी पिढीजात सेवेने बांधलेल्या प्रत्येक कुटुंबाचे नाव, त्यांची सेवा, त्यांचे मूळ गाव आणि त्यांच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट तीत लिहावी. मूळ गावी जाऊन तेथील ख्रिस्ती गावकारांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारावे. देवाची जुनी जागा, जुनी तळी, शेतांची जुनी नावे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. लिहिण्याचे काम करण्यास हा जुना कारकून सिद्ध आहे. शाई आणि वही एवढीच समितीने द्यावी.

पुढच्या जत्रेला तो मुलगा पुन्हा येईल. आडनाव एका गावाचे, घर दुसऱ्या गावात आणि देव तिसऱ्या गावात, याचे उत्तर मी त्याला आता थोडे अधिक नीट देऊ शकेन. त्याच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपणा सर्वांना मिळून द्यावे लागेल. तो विचारील, "देवाबरोबर आणखी कोण कोण आले?"

त्या वेळी आपल्या हाती ती वही असावी, एवढेच मागणे श्रींच्या चरणी करून ही लेखणी खाली ठेवतो.